लघवीची गळती : ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आणि श्वासाची जोड

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा जड वस्तू उचलताना नकळत थोडी लघवी होणे, अथवा लघवीची भावना होताच शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होणे, यास लघवीची गळती म्हणतात. हा त्रास तरुण वयातही होतो. बाळंतपणानंतर, रजोनिवृत्तीनंतर आणि उतारवयात त्याचे प्रमाण वाढते. पुरुषांनाही, विशेषतः प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर, तो होऊ शकतो.

हा त्रास असलेल्या अनेक व्यक्ती तो वर्षानुवर्षे कोणालाही सांगत नाहीत. लग्नकार्याला जाणे टाळले जाते. बंगळुरूहून बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला जाणारी रात्रीची बस नको वाटते. घराबाहेर पडण्याआधी पाणी पिणे बंद केले जाते. 'वय झाले, आता असेच चालायचे' अशी मनाची समजूत घातली जाते. ही समजूत योग्य नाही. गळती हा वयाचा अटळ भाग नाही, तसेच त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. बहुतेक वेळा तिच्या मुळाशी एका स्नायूसमूहाचा अशक्तपणा किंवा मूत्राशयाला लागलेली चुकीची सवय असते. योग्य व्यायामाने आणि योग्य श्वसनाने या दोन्हींत सुधारणा घडवता येते.

हे पत्रक बंगळुरू शहरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी आहे. नाजूक दुखणे मातृभाषेत वाचले म्हणजे नीट समजते आणि दवाखान्यात ते सांगण्याचे धैर्य येते. हे पत्रक वाचून झाल्यावर घरातील इतरांनाही वाचावयास द्यावे.

गळती का होते

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तीत सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठू शकते. साधारण १५० ते २०० मिलिलिटर साठल्यावर लघवीची पहिली जाणीव होते. मूत्राशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि मागील बाजूस मलाशय, हे अवयव ज्या स्नायूंवर विसावलेले असतात, ते पुढच्या जघनास्थीपासून पाठीमागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. त्यांनाच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू म्हणतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार या झोळीतून बाहेर येतात. स्नायू घट्ट असतील तर मूत्रमार्ग मिटलेला राहतो. झोळी सैल पडली की पोटातील दाब वाढताच मूत्रमार्ग किंचित उघडतो आणि लघवी निसटते.

झोळी सैल पडण्याची कारणे अनेक आहेत. गर्भारपण आणि प्रसूती, दीर्घकाळचा खोकला, बद्धकोष्ठामुळे रोज कुंथणे, वाढलेले वजन, वारंवार जड ओझी उचलणे आणि रजोनिवृत्तीनंतर शरीरात होणारे बदल ही त्यांतील प्रमुख होत. मधुमेह नियंत्रणात नसेल तर लघवीचे प्रमाण वाढते व गळतीही वाढते. रक्तदाबावरील काही गोळ्या लघवी वाढवतात, तर काहींमुळे कोरडा खोकला येतो. अशा गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगून त्या बदलता येतात.

आपली गळती कोणत्या प्रकारची आहे

उपाय योजण्यापूर्वी प्रकार ओळखणे आवश्यक आहे.

ताणाची गळती : खोकला, शिंक, हसणे, जिना उतरणे, उडी मारणे किंवा ओझे उचलणे अशा वेळी थोडी लघवी निसटते. आधी लघवीची भावना झालेली नसते.

घाईची गळती : अचानक, रोखता न येणारी भावना होते आणि पोहोचण्याआधीच लघवी होते. नळाच्या पाण्याचा आवाज ऐकताच किंवा घरी पोहोचून कुलपात किल्ली घालतानाच ही भावना उसळते, असा अनेकांचा अनुभव आहे.

मिश्र गळती : वरील दोन्ही लक्षणे आढळतात.

ओसंडून होणारी गळती : मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि लघवी थेंब थेंब सतत गळत राहते. ही गळती असल्यास घरगुती व्यायामावर विसंबू नये. प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

प्रकार समजण्यासाठी सलग ३ दिवस वहीत नोंद ठेवावी. त्यात एक दिवस कामाचा व एक सुट्टीचा असावा. किती वाजता लघवीस गेलो, किती वेळा गळती झाली, त्या वेळी काय करीत होतो आणि दिवसभरात काय व किती प्यायलो, एवढे लिहावे. दिवसातून ६ ते ८ वेळा आणि रात्री झोपेतून एखादे वेळी लघवीस जावे लागणे सर्वसाधारण मानले जाते. ही वही दवाखान्यात सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

व्यायामाने खरोखर गुण येतो का

या व्यायामाचा शास्त्रीय पाया अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामामुळे घातला गेला. म्हणूनच त्यास अनेक ठिकाणी 'केगेल व्यायाम' म्हणतात. आपल्याकडील योगपरंपरेत 'मूलबंध' या नावाने जवळची क्रिया सांगितली आहे आणि हठप्रदीपिकेत तिचा उल्लेख आहे. मात्र मूलबंध बहुधा श्वास रोखून केला जातो. या पत्रकातील व्यायामात श्वास रोखायचा नाही, हा भेद लक्षात ठेवावा.

वैद्यकीय चाचण्यांचे निष्पक्ष आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये १४ देशांतील १,८१७ स्त्रियांवर झालेल्या ३१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ताणाची गळती असलेल्या स्त्रियांमध्ये ज्या चाचण्यांनी त्रास पूर्ण थांबल्याची नोंद ठेवली होती, त्यांत व्यायाम करणाऱ्या १०० पैकी ५६ स्त्रियांनी गळती बरी झाल्याचे सांगितले. कोणताही व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण १०० मध्ये ६ होते. पूर्ण बऱ्या न झालेल्या अनेक स्त्रियांचाही त्रास कमी झाला. या उपायाला खर्च नाही आणि तो योग्य रीतीने केल्यास अपाय क्वचितच होतो. म्हणून गळतीवरील पहिला उपचार म्हणून याच व्यायामाची शिफारस केली जाते.

तथापि, व्यायाम नेमका व्हावा लागतो. अमेरिकेत १९९१ मध्ये ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करावयास सांगण्यात आला. त्यांपैकी जेमतेम निम्म्यांना तो बरोबर जमला. सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर लावत होत्या, म्हणजे गळती वाढेल असेच करीत होत्या. ही चूक टाळण्यासाठी श्वासाची मदत होते.

श्वासाचा या स्नायूंशी संबंध

आपले पोट हा एक बंद डबा आहे असे समजावे. छाती व पोट यांमधील श्वासपटल हे त्याचे झाकण, ओटीपोटाचे स्नायू हा त्याचा तळ, पुढे पोटाची भिंत आणि मागे पाठीचा कणा. श्वास आत घेतला की झाकण खाली सरकते, आतील दाब वाढतो आणि तळ किंचित खाली उतरतो. श्वास सोडला की झाकण वर जाते व तळही वर उचलला जातो. दिवसभर हजारो वेळा ही हालचाल आपोआप होत असते.

आपण श्वास कोंडून जोर लावतो तेव्हा झाकण खालीच अडकते आणि सगळा दाब तळावर येतो. २० लिटरचा पाण्याचा कॅन उचलताना, गॅसचा सिलिंडर सरकवताना किंवा शौचास कुंथताना हेच घडते. यावरून एक नियम निघतो : जोर लावायची वेळ आली की श्वास सोडावा आणि त्याच वेळी तळाचे स्नायू वर ओढावेत. या पत्रकातील एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी उपयोग होईल.

प्रथम श्वास शिकावा

पहिले ३ ते ४ दिवस केवळ श्वसनाचा सराव करावा.

१. सतरंजीवर उताणे झोपावे. गुडघे दुमडून पावले जमिनीवर टेकवावीत. मान दुखत असल्यास पातळ उशी घ्यावी.

२. एक हात छातीवर व दुसरा बेंबीखाली ठेवावा.

३. नाकाने सावकाश श्वास घ्यावा. पोटावरील हात वर यावा, छातीवरील हात फारसा हलू नये. बरगड्यांचा खालचा भाग दोन्ही बाजूंना फुलतो आहे हे जाणवावे. या वेळी खालचे स्नायू सैल सोडावेत.

४. दुधावरची साय बाजूला करण्यासाठी घालावी तशी हळुवार फुंकर घालत तोंडाने श्वास सोडावा. पोट आपोआप आत जाऊ द्यावे.

५. असे १० श्वास घ्यावेत. घेण्यापेक्षा सोडण्याचा अवधी थोडा अधिक असावा. चक्कर आल्यास थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

नेमका स्नायू कसा ओळखावा

चारचौघांत बसलो असताना पोटातील वायू अडवण्यासाठी जो भाग आपण आत ओढून घेतो, तो आठवावा. गुदद्वार मिटून वर ओढावे आणि तीच ओढ पुढे मूत्रमार्गापर्यंत न्यावी. स्त्रियांना योनिमार्ग आतल्या बाजूस मिटून वर उचलल्याची जाणीव होते. पुरुषांमध्ये शिश्नाचे मूळ किंचित आत ओढले जाते व वृषण थोडे वर उचलले जातात.

स्त्रियांना एकांतात हातआरसा धरून खात्री करता येते. योनी व गुदद्वार यांमधील जागा आत व वर गेली तर हालचाल बरोबर आहे. ती बाहेर फुगली तर आपण खाली जोर लावीत आहोत; थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

पुढील गोष्टी होत असतील तर व्यायाम चुकत आहे असे समजावे : नितंब आवळले जाणे, मांड्या एकमेकींवर दाबल्या जाणे, पोट कडक होऊन पुढे येणे, चेहरा ताणला जाणे, श्वास थांबणे. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच कळू नये, इतकी ही हालचाल आतली आहे.

लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नये. वारंवार तसे केल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागते.

मुख्य व्यायाम

व्यायामापूर्वी लघवीस जाऊन यावे. वरीलप्रमाणे झोपून श्वास घ्यावा. श्वास सोडू लागताच तळाचे स्नायू मिटून वर ओढावेत आणि मनातल्या मनात अंक मोजावेत. त्यानंतर श्वास घेताना ते पूर्ण सैल सोडावेत. आवळणे जितके महत्त्वाचे, तितकेच सैल सोडणेही महत्त्वाचे आहे. स्नायू सैल पडल्याचे जाणवेपर्यंत पुढची फेरी सुरू करू नये.

जमू लागल्यावर स्नायू अधिक काळ धरावेत. एका उच्छ्वासापेक्षा अधिक काळ धरताना श्वास न कोंडता नेहमीसारखा चालू ठेवावा. त्यासाठी हळू आवाजात एक, दोन, तीन असे मोजावे. बोलता येत असेल तर श्वास अडकलेला नाही, ही सोपी खूण आहे.

प्रत्येक बैठकीत दोन प्रकार करावेत. पहिला सावकाश : आवळून धरावे आणि सोडावे. दुसरा झटपट : एका सेकंदात आवळून लगेच सोडावे. सावकाश प्रकाराने स्नायूंची दमदारी वाढते. झटपट प्रकाराने ते खोकल्याच्या क्षणी लगेच मिटण्यास शिकतात.

बारा आठवड्यांचा क्रम

आठवडा १ व २ : झोपून. ३ सेकंद धरावे, ६ सेकंद विश्रांती. असे ८ वेळा. त्यानंतर ५ झटपट. दिवसातून ३ बैठका.

आठवडा ३ ते ६ : पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसून. ५ ते ६ सेकंद धरावे, तेवढीच विश्रांती. असे ८ ते १० वेळा. त्यानंतर ८ झटपट. दिवसातून ३ बैठका.

आठवडा ७ ते १२ : उभे राहून. ८ ते १० सेकंद धरावे, तेवढीच विश्रांती. असे १० वेळा. त्यानंतर १० झटपट. दिवसातून ३ बैठका.

एखादा टप्पा जमला नाही तर त्याच टप्प्यावर आणखी आठवडाभर राहावे. अधिक वेळा केल्याने लवकर गुण येईल या समजुतीने अतिरेक करू नये. थकलेला स्नायू उलट अधिक सैल पडतो. बैठक ५ ते १० मिनिटांत होते. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणापूर्वी आणि रात्री झोपताना अशा ठरलेल्या वेळा असाव्यात. कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना किंवा सिग्नलला बस थांबली असताना तिसऱ्या टप्प्यातील झटपट प्रकार करता येतो.

पहिल्या काही आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांत हा व्यायाम प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, प्रत्येक वेळी किमान ८ आकुंचने अशा रीतीने दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने करावा असे सांगितले आहे. त्यानंतर गुण आल्यास दररोज एक बैठक कायम ठेवावी. व्यायाम पूर्ण सोडल्यास स्नायू पुन्हा सैल पडतात.

आयत्या वेळी काय करावे

खोकला, शिंक किंवा ओझे उचलण्याच्या वेळी : त्या क्षणाच्या किंचित आधी तळाचे स्नायू घट्ट आवळावेत आणि ओझे उचलताना श्वास सोडावा. मूल कडेवर घेताना, पाण्याची बादली उचलताना, खुर्चीतून उठतानाही असेच करावे. हे आधी घरी, मुद्दाम हलके खोकून, सरावाने जमवावे. ही युक्ती अंगवळणी पडली की काही जणांना थोड्याच दिवसांत फरक जाणवतो.

अचानक घाई झाल्यास : धावू नये. धावल्याने पोटातील दाब वाढतो आणि मन अधिक घाबरते. आहे तेथेच थांबावे; शक्य असल्यास बसावे. ५ ते ६ वेळा झटपट आवळून सोडावे. तळाचे स्नायू आवळले की मूत्राशयाचे आकुंचन मंदावते. त्यानंतर २ ते ३ दीर्घ, सावकाश श्वास घ्यावेत. लघवीची भावना लाटेसारखी चढते व ओसरते. ती ओसरली की शांतपणे चालत शौचालयात जावे.

मूत्राशयाला वेळापत्रक लावावे : 'बाहेर पडण्याआधी एकदा जाऊन येऊ' या सवयीने भावना नसताना वारंवार लघवीस गेल्यास मूत्राशयाला थोड्याच साठ्यावर इशारा देण्याची सवय लागते. दर तासाला जावे लागत असेल तर पहिल्या आठवड्यात तो अवकाश १५ मिनिटांनी वाढवावा. पुढील आठवड्यांत असाच थोडा थोडा वाढवत ३ ते ४ तासांपर्यंत न्यावा. यासाठी किमान ६ आठवडे द्यावेत.

याउलट, कामाच्या ठिकाणी तासन्‌तास लघवी रोखणेही चुकीचे आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या किंवा लोकांच्या घरी काम करणाऱ्या स्त्रिया शौचालयाच्या अडचणीमुळे पाणीच पीत नाहीत. कारखान्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय असणे व कामाच्या वेळेत ते वापरता येणे हे कायद्याने बंधनकारक आहे. हा हक्क संकोच न करता मागावा.

पाणी, कॉफी आणि आहार

पाणी कमी करू नये. पाणी कमी प्यायल्यास लघवी तीव्र होते, मूत्राशयाला चुरचुर होते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि बद्धकोष्ठ जडते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिलेली नसल्यास दिवसभरात ६ ते ८ पेले पाणी थोडे थोडे करून प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असणे ही पुरेशा पाण्याची खूण आहे. रात्री उठावे लागत असेल तर झोपण्यापूर्वीच्या २ तासांत पिणे कमी करावे आणि ते पाणी दिवसा भरून काढावे.

फिल्टर कॉफी व चहा यांतील कॅफीनमुळे अनेकांच्या मूत्राशयाची घाई वाढते. एकदम बंद करणे कठीण वाटल्यास पूर्ण कपाऐवजी बाय-टू घ्यावी आणि संध्याकाळनंतर टाळावी. दोन आठवडे प्रमाण कमी करून वहीतील नोंद पाहावी; आपल्याला त्याचा त्रास होतो की नाही ते कळेल.

बद्धकोष्ठ टाळावे. नाचणीची भाकरी किंवा मुद्दे, हिवाळ्यातील अवरेकाळू, पालेभाज्या, पेरू आणि सालीसकट डाळी यांतून तंतुमय घटक मिळतात. कमोड वापरत असल्यास पावलांखाली लहान पाट ठेवावा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यावेत आणि कुंथण्याऐवजी श्वास सोडत शौच करावे.

वजन अधिक असल्यास थोडे कमी झाले तरी गळती कमी होते. तंबाखू व धूम्रपान सोडावे. जुना खोकला तळाच्या स्नायूंवर दिवसातून शेकडो वेळा आघात करतो.

योगासने करणाऱ्यांसाठी सूचना

बंगळुरूच्या उद्यानांत सकाळी चालणारे योगवर्ग अनेकांच्या नित्यक्रमात आहेत. ते सोडण्याची गरज नाही. सेतुबंधासन आणि नाडीशोधन प्राणायाम या व्यायामास पूरक ठरतात. कपालभाती व भस्त्रिका यांत पोटाला जोराचे झटके बसतात. त्या वेळी गळती होत असल्यास स्नायू बळकट होईपर्यंत या क्रिया थांबवाव्यात. श्वास रोखून केले जाणारे पोटाचे कठीण व्यायाम, दोरीवरच्या उड्या आणि जड वजने यांबाबतही हाच नियम पाळावा. आपल्या योगशिक्षकांना कारण सांगावे.

विशेष परिस्थिती

गरोदरपणात हा व्यायाम करता येतो. चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे न झोपता कुशीवर किंवा बसून करावा.

नैसर्गिक प्रसूतीनंतर लघवी नीट होऊ लागल्यावर व दुखणे सोसवेल अशा बेताने हलका सराव सुरू करता येतो. टाके असल्यास किंवा सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. बाळंतिणीला विश्रांती मिळावी ही आपली जुनी रीत चांगली आहे. हा हलका सराव विश्रांतीच्या आड येत नाही.

लघवीची नळी बसवलेली असताना व्यायाम करू नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेपूर्वीच तो शिकून घेतल्यास नळी काढल्यानंतर सोपे जाते.

ओटीपोटात सतत दुखत असेल किंवा शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होत असतील तर स्नायू सैल असण्याऐवजी आखडलेले असू शकतात. अशा वेळी आवळण्याचा व्यायाम न करता फक्त श्वसनाचा सराव करावा आणि तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पुढील लक्षणे असल्यास व्यायामाने गुण येण्याची वाट पाहू नये.

लघवीत रक्त दिसणे. जळजळ व ताप येणे. लघवी अडणे किंवा थेंब थेंबच होणे. योनिमार्गातून गाठ खाली आल्यासारखे वाटणे, म्हणजेच अंग बाहेर येणे. प्रसूतीनंतर किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसरात्र सतत लघवी गळत राहणे. शेवटच्या लक्षणात मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये छिद्र पडलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेने बंद करता येते. व्यायामाने ते भरत नाही.

गळतीबरोबर अचानक पायांत अशक्तपणा येणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा शौचावरील ताबा जाणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

३ महिने नियमित व्यायाम करूनही फरक न पडल्यास पुन्हा दाखवावे. औषधे, योनिमार्गात ठेवावयाचे आधारवलय आणि शस्त्रक्रिया असे पुढचे उपाय उपलब्ध आहेत.

बंगळुरूमध्ये कोठे दाखवावे

प्रथम घराजवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. पुढील तपासणीची गरज भासल्यास शासकीय रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी. किल्ल्याजवळील वाणीविलास रुग्णालय व शिवाजीनगर येथील बौरिंग रुग्णालय ही शहरातील जुनी शासकीय रुग्णालये आहेत. मूत्रविकारांसाठी व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या परिसरात राज्य शासनाची नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहे. मज्जासंस्थेच्या विकारामुळे गळती होत असल्याची शंका असल्यास होसूर रस्त्यावरील निम्हान्स येथे पाठवले जाऊ शकते. व्यायाम बरोबर होतो आहे की नाही हे फिजिओथेरपी विभागात तपासून घ्यावे.

कर्नाटकात आरोग्यविषयक माहितीसाठी १०४ हा दूरध्वनी क्रमांक आहे. डॉक्टरांना मराठी येत नसल्यास 'मूत्र सोरिके' एवढे दोन कन्नड शब्द पुरेसे आहेत. त्यांचा अर्थ लघवीची गळती असाच होतो. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे नोंदणीच्या वेळी सांगावे.

घरातील इतरांनी काय करावे

सासूबाई प्रवासाला नको म्हणत असतील, आई अचानक पाणी कमी पिऊ लागली असेल, वडील शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडत नसतील, तर कारण हळुवारपणे विचारावे. थट्टा करू नये. वयस्कर व्यक्तीच्या खोलीपासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा असावा आणि वाटेत सामान नसावे. रात्रीच्या घाईत पडून हाड मोडण्याचा धोका मोठा असतो. सोडण्यास सोपे कपडे असावेत. पॅड वापरत असल्यास ओले होताच बदलावे व त्वचा कोरडी ठेवावी. पॅडमुळे बाहेर पडणे सोपे होते, परंतु मूळ त्रासावर तो उपचार नव्हे.

सुरुवात आजच करता येईल. रात्री अंथरुणावर पडल्यावर १० सावकाश श्वास घ्यावेत. चार दिवसांनी, श्वास सोडताना, पहिली ८ आकुंचने करावीत. वहीत तारीख लिहावी आणि १२ आठवड्यांनंतरच्या दिवसावर खूण करावी. त्या दिवशी पहिल्या तीन दिवसांची नोंद आणि त्या वेळची नोंद शेजारी ठेवून पाहावी, आणि ती वही घेऊन दवाखान्यात जावे.